कॅलेहून स्पेनकडे कॅराव्हॅन घेऊन: मुक्काम आधी ठरवा, अंतर नंतर

कॅराव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन पहिल्यांदा फ्रान्स ओलांडायला निघणारी बहुतेक मंडळी नकाशा उघडतात, एकूण अंतर बघतात आणि त्याला दिवसांनी भागतात. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं कॅले बंदर ते स्पेनची सीमा हे अंतर रस्त्याच्या निवडीनुसार साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास आहे. दोन दिवसांत जायचं तर रोज सव्वासहाशे, असा हिशोब कागदावर झटकन जमतो. आम्हीही पहिल्या वेळी तेच केलं होतं. रात्री सव्वादहाला एका कॅम्पसाइटच्या बंद फाटकासमोर पोहोचलो. मागे साडेसहा मीटरची कॅराव्हॅन, रस्ता अरुंद, वळवायला जागा नाही आणि मागच्या सीटवर पोरं झोपलेली. त्या रात्रीनंतर आमच्या नियोजनाचा क्रमच बदलला.

आता आम्ही दिवसाचा शेवट आधी ठरवतो. संध्याकाळी पाचपर्यंत गाडी जागेवर लागलेली असली पाहिजे, कॅराव्हॅनचे कोपऱ्यांचे पाय खाली टेकलेले असले पाहिजेत आणि चहाचं पाणी उकळत असलं पाहिजे. तिथून उलट मोजत यायचं. किती किलोमीटर होतील ते त्या मोजणीतून आपोआप कळतं. या लेखात मी कॅले ते भूमध्य समुद्राच्या बाजूची स्पॅनिश सीमा हाच रस्ता उदाहरणादाखल घेतला आहे. दुसऱ्या रस्त्यालाही हीच पद्धत लागू पडते.

पहिली पायरी: एका दिवसाचं खरं अंतर काढा

फ्रान्सच्या मोटरवेवर कारला १३० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे आणि पावसात ११० ची. कॅराव्हॅन जोडलेली असताना हे आकडे विसरून जा. कार आणि कॅराव्हॅन यांचं मिळून कमाल वजन ३.५ टनांच्या वर जात असेल, तर मोटरवेवर मर्यादाच ९० ची आहे. वजन त्याहून कमी असलं तरी ९० ते १०० च्या पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मोठा ट्रक शेजारून गेला की कॅराव्हॅन आधी त्याच्याकडे ओढली जाते, मग बाहेर ढकलली जाते. वेग जितका जास्त, तितकं ते डोलणं सावरायला कठीण.

चढ, टोल नाके आणि रस्त्यावरची कामं धरली तर प्रत्यक्ष सरासरी ताशी ८० च्या आसपास पडते. दर दोन तासांनी थांबायचंच असतं, फ्रान्समधल्या वाहतूक सुरक्षेच्या सूचनाही हेच सांगतात. कॅराव्हॅनचा थांबा दहा मिनिटांत आटपत नाही. मोठ्या गाड्यांसाठीची जागा शोधायची, हिच (कार आणि कॅराव्हॅनमधली जोडणी) आणि टायर बघायचे, पोरांना पाय मोकळे करू द्यायचे. अर्धा तास सहज जातो. सकाळी साडेनऊला निघून संध्याकाळी साडेचारला पोहोचायचं म्हणजे सात तास. जेवण आणि थांबे यांत दोन तास गेले, की चाकं फिरतात ती पाच तास, फार तर ४०० किलोमीटर. हा आकडा उत्तम दिवसाचा आहे. मी ३०० ते ३५० धरते.

इंग्लंडहून येत असाल तर पहिला दिवस आणखी आखूड होतो. डोव्हर ते कॅले फेरीला साधारण दीड तास लागतो, बोगद्यातून ट्रेनने ३५ मिनिटं. पण त्याआधीचं चेक-इन आणि पासपोर्ट तपासणी वेगळी. शिवाय उतरल्यावर घड्याळ एक तास पुढे जातं. सकाळी लवकर निघालेला माणूससुद्धा फ्रान्सच्या घड्याळात अकराच्या सुमारास रस्त्याला लागतो. पहिल्या दिवशी फार मोठी उडी मारू नका, एवढंच.

दुसरी पायरी: रस्ता निवडा, पण मुक्कामांच्या सोयीने

कॅलेहून भूमध्य किनाऱ्याकडे जायला दोन ठळक पर्याय आहेत. एक पूर्वेकडचा: ए-२६ ने राँस आणि त्रुआ, तिथून लाँग्र, दिजाँ, बोन, लिआँ, मग ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून ए-७ ने ओराँज आणि पुढे ए-९ ने नार्बोन, पेर्पिन्याँ. दुसरा मधला: पॅरिस बाजूला ठेवून ओर्लिआँ, क्लेरमाँ-फेराँ आणि तिथून ए-७५ ने खाली बेझिएपर्यंत.

ए-७५ अतिशय देखणा आहे आणि मियोचा पूल सोडला तर त्यावर टोल नाही. हा पूल २००४ च्या डिसेंबरात खुला झाला. त्याची लांबी २,४६० मीटर आणि सर्वांत उंच खांबाचं टोक जमिनीपासून ३४३ मीटरवर. पण हा रस्ता डोंगराळ पठारावरून जातो, एका ठिकाणी तर ११०० मीटरच्याही वर चढतो. लांब चढ-उतार आहेत, आणि दक्षिणेला लोदेवच्या बाजूने उतरताना ब्रेकची खरी परीक्षा होते. गाडीची ओढण्याची ताकद बेताची असेल किंवा ही पहिलीच सफर असेल, तर पूर्वेकडचा रस्ता घ्या. टोल जास्त लागतो, कारण कॅराव्हॅन जोडली की कार बहुधा दुसऱ्या वर्गात मोजली जाते. त्या बदल्यात रस्ता सौम्य आहे आणि योग्य अंतरावर मुक्कामाची चांगली गावं मिळतात. रस्ता निवडताना मला हा दुसरा मुद्दाच जास्त मोलाचा वाटतो.

लिआँ शहराच्या मधून जाणारा फुर्विएर बोगद्याचा रस्ता मात्र टाळा. गाडीतला नॅव्हिगेशन अनेकदा तिकडेच पाठवतो. तिथे ऐन गर्दीत अडकलं की तास-दीड तास जातो आणि संध्याकाळचं सगळं गणित कोलमडतं. ए-४६ ने पूर्वेकडून वळसा घाला.

तिसरी पायरी: प्रत्येक रात्रीसाठी तीन ठिकाणं

सगळ्या नियोजनाचा गाभा हा आहे. प्रत्येक रात्रीसाठी एक मुख्य मुक्काम ठरवा. त्याच्या ६० ते १०० किलोमीटर अलीकडे एक आणि साधारण तेवढंच पलीकडे एक, अशी आणखी दोन ठिकाणं टिपून ठेवा. अलीकडचं ठिकाण थकव्यासाठी, वाहतूक तुंबल्यास किंवा कोणाचं पोट बिघडल्यास. पलीकडचं मुख्य जागा भरलेली निघाली तर. फक्त पुढचंच ठिकाण हाताशी असलेला माणूस दमलेला असतानाही गाडी रेटत राहतो, आणि अपघात अशाच शेवटच्या तासात होतात.

या रस्त्याची आमची मांडणी अशी:

पहिली रात्र शालाँ-आँ-शाँपान्य. कॅलेपासून सुमारे ३२० किलोमीटर. गावात कॅम्पसाइट आहे आणि मोटरवेपासून फार आत शिरावं लागत नाही. अलीकडे लाँ, पलीकडे त्रुआजवळचं पाँ-सांत-मारी.

दुसरी रात्र बोन. आणखी ३१० च्या आसपास. इथली ले साँ विन्य ही कॅम्पसाइट गावाच्या मध्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. म्हणून ती लवकर भरते, संध्याकाळी सहाला जागा मिळेल अशी आशा उन्हाळ्यात ठेवू नका. लवकर पोहोचलात तर १४४३ साली स्थापन झालेलं इथलं जुनं रुग्णालय आणि त्याची रंगीत कौलं बघून या. अलीकडे लाँग्र, आणि खरं सांगायचं तर मला लाँग्र बोनपेक्षाही आवडतं. तत्त्वज्ञ दिदरोचं हे जन्मगाव उंच पठाराच्या टोकावर तटबंदीच्या आत वसलेलं आहे आणि कॅम्पसाइटही तटाला लागूनच आहे. पलीकडे माकाँ.

तिसरी रात्र ओराँज किंवा आव्हिन्याँ. बोनपासून ३५० ते ३८५. चारांतला हा सर्वांत लांब दिवस, मध्ये लिआँ येतं म्हणून सकाळी अर्धा तास आधी निघा. अलीकडे माँतेलिमार. आव्हिन्याँला नदीतल्या बार्तलास बेटावर कॅम्पसाइट आहे, समोर तो अर्धा तुटलेला जुना पूल दिसतो. मुलांना तिथून हलवणं अवघड जातं.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत सीमा. उशीर झाला तर अलीकडे नार्बोन, पलीकडे फिगेरेस.

एक जागरूकतेची सूचना. याच रस्त्यावर शालाँ-आँ-शाँपान्य आणि शालाँ-स्युर-सोन अशी दोन गावं आहेत, एक राँसजवळ आणि दुसरं बोनच्या दक्षिणेला. नॅव्हिगेशनमध्ये घाईत चुकीचं शालाँ निवडलं तर तीनशेहून जास्त किलोमीटरचा फरक पडतो. गावाचं पूर्ण नाव आणि पिन कोड टाका. त्याहून उत्तम म्हणजे फाटकाचे अक्षांश-रेखांश टाका, कारण नुसत्या पत्त्यावरून यंत्र कधी कधी मागच्या गल्लीत नेऊन सोडतं.

चौथी पायरी: जागेचा प्रकार ओळखा

इथे बऱ्याच नवख्यांची फसगत होते. फ्रान्समध्ये ‘एर’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. मोटरवेवरचा ‘एर द रपो’ म्हणजे झाडं, बाकडी आणि स्वच्छतागृह असलेला साधा थांबा. ‘एर द सर्व्हिस’ म्हणजे पेट्रोल पंप आणि उपाहारगृह असलेला मोठा थांबा. आणि गावोगावी असलेला ‘एर द काँपिंग-कार’ हा मोटरहोमसाठी, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या गाडीसाठी असतो. कारमागे ओढलेल्या कॅराव्हॅनला तिथे बहुतेक ठिकाणी परवानगी नसते. मोटरहोमवाल्या मित्राने दिलेली मुक्कामांची यादी म्हणूनच डोळे झाकून वापरू नका.

मोटरवेवरच्या थांब्यांवर रात्र काढावी का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. दुपारची डुलकी जरूर घ्या, पण रात्र नको. कॅराव्हॅन आणि कार यांच्या काचा फोडून चोऱ्या होतात, रात्रभर ट्रकांची ये-जा असते आणि झोप तुकड्यातुकड्यांची होते. गुंगीचा वायू सोडून लुटतात ही दहशत मात्र मनातून काढून टाका. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सने ही कल्पना वैद्यकीयदृष्ट्या न पटणारी म्हणून फेटाळलेली आहे. भीती चोरीची बाळगा, आणि तिचा उपाय साधा आहे, मोटरवेवरून दहा मिनिटं बाहेर पडून कॅम्पसाइटवर झोपा.

एका रात्रीसाठी माझी पहिली पसंती ‘काँपिंग म्युनिसिपाल’, म्हणजे नगरपालिकेच्या कॅम्पसाइटला. स्वस्त, स्वच्छ आणि बहुधा गावाला लागून. जलतरण तलाव आणि रात्रीचे कार्यक्रम नसतात, पण एका रात्रीत तुम्हाला ते लागतही नाहीत. एक अडचण लक्षात घ्या: दोन आसांच्या, म्हणजे चार चाकांच्या कॅराव्हॅनला यातल्या अनेक ठिकाणी मनाई असते. फ्रेंचमध्ये ‘दूब्ल एसिय’ असं लिहिलेलं दिसलं तर ते तुमच्याबद्दल आहे. तुमची कॅराव्हॅन तशी असेल, तर आधी विचारल्याशिवाय पालिकेच्या जागेवर विसंबून राहू नका.

उन्हाळ्याच्या गर्दीबाहेर प्रवास करणार असाल तर काँपिंगकार्ड एसीएसआयचा विचार करा. हजारो कॅम्पसाइट त्यावर बिगरहंगामी सवलत देतात. पण बिगरहंगामी म्हणजे हिवाळा नव्हे. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत फ्रान्समधल्या निम्म्याहून बऱ्याच जागांचं फाटक बंदच असतं. त्या महिन्यांत तीन ठिकाणांचा नियम जास्तच पाळा, आणि प्रत्येकाची उघडण्याची तारीख त्यांच्या चालू वर्षाच्या माहितीत बघा.

पाचवी पायरी: तारीख आणि वार

फ्रान्समध्ये सुट्टीची गर्दी शनिवारी उसळते. सरकारची ‘बिझाँ फ्युते’ ही वाहतूक सूचना सेवा १९७६ पासून आहे. ती प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग देते. वर्षभराचं कॅलेंडर आधीच मिळतं. जुलैचा शेवट आणि ऑगस्टची सुरुवात इथले शनिवार बहुधा लाल किंवा काळे असतात, आणि सर्वांत वाईट कोंडी नेमकी ऱ्होनच्या खोऱ्यात, ए-७ वर होते. तुमचा तिसरा दिवस शनिवारी येत असेल तर सगळी सफर दोन दिवस पुढे-मागे करा. ते जमत नसेल तर त्या दिवशी प्रवासच करू नका, बोनला दोन रात्री राहा.

सहावी पायरी: चौकशी आणि बुकिंग

जुलै-ऑगस्टमध्ये बोन आणि आव्हिन्याँसारख्या जागा आधी ठरवा. जून आणि सप्टेंबरमध्ये निघायच्या आदल्या दिवशी फोन केला तरी पुरतं. ईमेलमध्ये कार आणि कॅराव्हॅनची मिळून पूर्ण लांबी लिहा. ती बहुतेकांची अकरा-बारा मीटर भरते. ‘एतॅप’साठी, म्हणजे वाटेतल्या एका रात्रीसाठी हवी आहे, असं सांगा आणि कॅराव्हॅन न सोडता कारसकट उभी करता येईल अशी जागा मागा. एका रात्रीच्या मुक्कामात हिच न काढणं ही सर्वांत मोठी सोय आहे, संध्याकाळची वीस मिनिटं वाचतात आणि सकाळची वीस.

याशिवाय तीन गोष्टींच्या वेळा विचारून घ्या. रिसेप्शन दुपारी किती वाजता बंद असतं, कारण बाराच्या पुढे दोन तास जेवणाची सुट्टी सर्रास असते. शेवटचा प्रवेश किती वाजता, आणि सकाळी फाटक किती वाजता उघडतं. ही शेवटची वेळ लोक विचारायला विसरतात आणि मग पहाटे निघायचा बेत फाटकापाशी अडतो.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहत असाल तर आणखी एक कारण आहे. शेंगेन व्हिसासाठी निवासाचा पुरावा मागतात, आणि कॅम्पसाइटच्या बुकिंगची पत्रं त्यासाठी उपयोगी पडतात. अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. तीन रात्री फ्रान्समध्ये आणि दहा स्पेनमध्ये असतील तर स्पेनकडे. मुक्कामांचा तक्ता तयार असेल तर तोच अर्जाला जोडता येतो.

सातवी पायरी: वाऱ्याचा दिवस राखून ठेवा

पावसापेक्षा वारा वाईट. ऱ्होनच्या खोऱ्यात उत्तरेकडून ‘मिस्त्राल’ वाहतो आणि नार्बोन ते पेर्पिन्याँ या पट्ट्यात ‘त्रामाँतान’. ए-९ वर त्रामाँतान बाजूने आदळतो, आणि कॅराव्हॅनची भिंत म्हणजे त्याच्यासाठी शीडच. आदल्या संध्याकाळी मेतेओ-फ्रान्स या हवामान खात्याचा इशारा बघा: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. वाऱ्यासाठी नारिंगी असेल तर आम्ही हलत नाही. पिवळा असेल तर उजाडताच निघतो, कारण दुपारी जोर बहुधा वाढतो. म्हणून चार दिवसांच्या प्रवासाला पाच दिवस ठेवा आणि तो जादा दिवस आव्हिन्याँच्या खात्यावर लिहा. वारा नसलाच तर तो दिवस समुद्रावर मिळेल.

आठवी पायरी: पोहोचल्यावरची संध्याकाळ

मोटरवेवरून उतरण्याआधीच डिझेल भरा. सुपरमार्केटचे पंप स्वस्त असतात, पण त्यांचे कोपरे अरुंद आणि आवारात शिरताना बहुधा दोन मीटरचा आडवा दांडा. टोल नाक्यावरही २ मीटर लिहिलेली लेन टाळा. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सात मीटरहून लांब जोडगाडीला फक्त उजवीकडच्या दोनच लेन वापरता येतात, हेही ओव्हरटेक करताना लक्षात असू द्या.

जागेवर शिरण्याआधी एकाने चालत जाऊन बघून यावं. वरच्या फांद्या, मऊ माती, आणि सकाळी बाहेर पडायची दिशा. आमच्याकडे हे काम मुलीचं आहे, आणि तिने नाही म्हटलं की गाडी आत जात नाही.

विजेचं कनेक्शन घेताना किती अँपिअर मिळतात ते विचारा. बऱ्याच जुन्या जागी सहाच असतात. २३० व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे १,३८० वॉट. घरची २,००० वॉटची केटली लावली की फ्यूज उडतो, आणि तो बसवायची पेटी बहुधा रिसेप्शनच्या ताब्यात असते. रात्री नऊला रिसेप्शन बंद असतं. प्रवासासाठी हजार वॉटच्या आतली केटली घ्या किंवा पाणी गॅसवर उकळा. सोबत फ्रेंच पद्धतीच्या सॉकेटसाठी अ‍ॅडॅप्टर ठेवा, सगळीकडे निळा तीन पिनांचा प्लग चालत नाही. वायरीची रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते.

कॅराव्हॅनला जोडायचा मंडप उभारू नका. पाणी एका कॅनपुरतं भरा. रात्रीचं जेवण असं ठेवा की एका भांड्यात होईल. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढता येणारी टाकी, मात्र निघण्याआधी दर मुक्कामी रिकामी करा, पुढच्या ठिकाणी ती सोय किती लांब असेल याचा भरवसा नसतो.

झोपण्यापूर्वी दहा मिनिटं उद्याच्या रस्त्याला द्या. मुख्य मुक्काम, अलीकडचा, पलीकडचा, तिन्हींचे फोन क्रमांक एका कागदावर लिहून तो डॅशबोर्डवर चिकटवा. फोनची बॅटरी संपलेली असते तेव्हाच तो कागद लागतो. सकाळी निघताना दोघांनी मिळून एक फेरी मारा: छताची खिडकी बंद आहे का, हिच बसलं आहे का, कॅराव्हॅन सुटली तर ब्रेक लावणारी वायर अडकवली आहे का, पाय वर घेतले का, गॅस बंद, वीज काढली, मागचे दिवे लागतात का. एकाने मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने हात लावून बघायचं. छताची खिडकी आमच्याकडून एकदा उघडी राहिली होती, लाँग्रच्या पुढे ती रस्त्यावर गेली. तेव्हापासून यादीत ती पहिली आहे.